बाबालालमामांचं न विकलेलं पाणी

पाण्याच्या बाटल्या विकायला बसलेला माणूस गिऱ्हाइकाला "घेऊ नका" म्हणतो, हे मी कुणाला सांगितलं तर पटत नाही. पण आमच्या इंदापूरचे बाबालालमामा तांबोळी म्हणतात. रोज नाही. रोज ते एसटी स्टँडजवळच्या आपल्या पानाच्या टपरीत असतात आणि तिथे चार दुकानदारांसारखंच वागतात. पण आसपास कुठे गाण्याचा मोठा कार्यक्रम असला की टपरी बंद करून ते पाण्याचे खोके घेऊन जातात, मंडपाच्या कडेला बसतात आणि मग त्यांचं हे सुरू होतं.

मी पहिल्यांदा पाहिलं ते बारामतीच्या संगीत महोत्सवात. पुण्याहून आलेलं एक जोडपं होतं. दोघांच्याही डोक्यावर गॉगल. नवऱ्याने दोन बाटल्या मागितल्या. मामांनी हात पुढे केलाच नाही. त्यांनी विचारलं, "तहान लागलीय का?"

त्या गृहस्थांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. त्यांनी पुन्हा दोन बाटल्या मागितल्या.

"ते कळलं. पन आधी घशाला इचारा," मामा म्हणाले. "त्या भिताडामागं नळ हाय. गार पानी हाय. मी आत्ताच पिऊन आलोय."

बायको हसायला लागली. नवरा मात्र चिडला. आपल्याला बाटली परवडत नाही असं या माणसाला वाटतंय की काय, असा त्यांचा चेहरा झाला. त्यांनी दोन्ही बाटल्या घ्यायचाच हट्ट धरला. शेवटी मामांनी एकच दिली. दोघांत एक पुरेल आणि नाहीच पुरली तर मी काही पळून चाललेलो नाही, असं त्यांना समजावलं. ते गृहस्थ बाटली घेऊन गेले आणि उजेडात धरून तिच्यात काही पडलंय का ते बघत राहिले.

हे दर वेळी होतं. मामा ज्याला नको म्हणतात तो एक तर रागाने जास्त घेतो, नाहीतर संशयाने काहीच घेत नाही. मामांचं म्हणणं मनापासून ऐकून नळाकडे गेलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. एक मी गेले होते. पाणी खरंच गार होतं.

मी त्यांच्याच गल्लीतली. माझे वडील लोणी देवकरच्या एका कारखान्यात कामाला आहेत आणि आमच्या घरातून कॉलेजात, म्हणजे बारामतीला, गेलेली मी पहिलीच. त्यामुळे घरच्यांना वाटतं की मला सगळं कळतं, आणि कॉलेजात गेल्यावर मला वाटतं की मला काहीच कळत नाही. महोत्सवासाठी आमच्या कॉलेजातून स्वयंसेवक निवडताना सरांनी मला काय काय येतं ते विचारलं. मी म्हणाले, सांगाल ते करीन. ज्याला विशेष काही येत नाही त्याच्याकडे पाणी देतात, हे मला तेव्हा समजलं. पाणी व्यवस्था माझ्याकडे आली आणि म्हणून बाबालालमामाही माझ्याकडे आले.

तसे ते माझे मामा नाहीत. माझी आई त्यांना मामा म्हणते, माझी आजीही म्हणते. सगळ्या गल्लीचे ते मामाच आहेत. अंगाने काटकुळे, पांढरा पायजमा, बाराही महिने निळा स्वेटर आणि खांद्यावर टॉवेल. मामी जाऊन बरीच वर्षं झाली. एकच मुलगी, ती अकलूजला दिलेली. घरी ते एकटेच असतात. पान हा त्यांचा पिढ्यानपिढ्यांचा धंदा. पानं निमगाव केतकीहून येतात. ती ओल्या फडक्यात ठेवायची, मधूनमधून उलटीपालटी करायची, डागाळलेलं पान बाजूला काढायचं, पुन्हा पाणी शिंपडायचं, असा त्यांच्या हातांना नाद लागलेला आहे.

तो नाद पाण्याच्या बाटल्यांनाही सोडत नाही. खोक्यातल्या बाटल्यांवर ते ओलं फडकं घालतात. थोड्या थोड्या वेळाने फडकं उचलून वरच्या बाटल्या खाली आणि खालच्या वर करतात. एखाद्या बाटलीचं लेबल सुरकुतलेलं असलं तर ती पानासारखी बाजूला काढतात. मग सगळ्यांवर हाताने पाणी शिंपडतात. पाण्यावर पाणी शिंपडणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. मी एकदा विचारलं, "मामा, पाणी कुठे सुकतंय?" तर म्हणाले, सुकत नाही हे त्यांनाही माहीत आहे, पण हात कुठे ठेवायचे?

गाण्यातलं आपल्याला काही कळत नाही, असं ते उघडपणे सांगतात. मलाही कळत नाही, पण मी कॉलेजात असल्यामुळे सांगत नाही. मामा कार्यक्रम ओळखतात ते तहानेवरून. लावणीच्या कार्यक्रमाला शिट्ट्या मारणाऱ्यांचे घसे सुकतात, तिथे पाणी खपतं आणि ते खरं खपतं. उरुसातल्या कव्वालीला टाळ्या वाजवणाऱ्यांना तहान उशिरा लागते, पण लागली की सगळ्यांना एकदमच लागते. भजनाला येणारी मंडळी पाणी घरून आणतात आणि उलट मामांनाच पाजतात. डीजेच्या कार्यक्रमाला ते एकदाच गेले. तिथे पोरांनी बाटल्या घेतल्या आणि एकमेकांच्या डोक्यावर ओतल्या. मामा खोके उचलून परत आले. त्यांनी माझ्या आईला सांगितलं की तिथे प्यायला कुणी पाणी मागत नव्हतं, आणि आंघोळीचं पाणी विकायचं असेल तर ते बंब घेऊन बसतील.

शास्त्रीय गाण्याच्या लोकांबद्दल त्यांचं मत थोडं वेगळं आहे. ते म्हणतात, "ही मानसं बाटली घेत्यात आन् पीत न्हाईत. नुसती मांडीवर घिऊन बसत्यात. लेकरू घ्यावं तशी."

एकदा एक बुवा बराच वेळ एकच राग गात होते. त्या रागाचं नाव मला आजही माहीत नाही. तेवढ्या वेळात मामांकडे एकही माणूस आला नाही. मामांनी मला हाताने जवळ बोलावलं आणि कानात सांगितलं, "हा राग ध्येनात ठेव. ह्याला पानी लागत न्हाय."

आता बाटलीतलं पाणी विकत घ्यावं की नाही, या प्रश्नावर मी पुष्कळ विचार केला आहे. विज्ञान शाखेला असल्यामुळे मला त्याचं बरोबर उत्तर द्यावंसं वाटतं. आमच्या इकडचं बोरचं पाणी मचूळ आहे, डाळ शिजत नाही, हे खरं. म्हणून गावोगाव फिल्टर पाण्याची यंत्रं बसली. लोक जार भरून आणतात. मग गाण्याच्या मंडपात तीच माणसं बाटली का घेतात? मामा बाटली फिरवून लेबल दाखवतात. पुढच्या बाजूला बर्फाचा डोंगर असतो, मागच्या बाजूला बारीक अक्षरात आपल्याच भागातला पत्ता असतो. मामांचं म्हणणं, डोंगर बघून तहान भागत असेल तर खुशाल घ्यावी. पाणी वाईट नाही. पण नळाचं आणि जारचंही वाईट नाही, आणि बाटली मागे राहते. महोत्सव संपल्यावर लॉनवर पडलेल्या बाटल्या आम्हीच गोळा केल्या होत्या, त्यामुळे हे मला पटतं. अर्ध्याहून जास्त बाटल्यांत निम्मं पाणी तसंच होतं.

पण मामा सगळ्यांनाच नको म्हणतात असंही नाही. कडेवर तान्हं मूल असलेली बाई आली, किंवा खिशातून गोळ्यांचं पाकीट काढत कुणी म्हातारं माणूस आलं, तर मामा एक शब्द बोलत नाहीत. बाटली पुसून पुढे करतात, ती सुद्धा छापील किमतीला. इतर ठिकाणचे विक्रेते गर्दी पाहून किंमत वाढवतात, मामा वाढवत नाहीत. ज्याला खरंच गरज आहे त्याला सीलबंद पाणी मिळावं आणि बाकीच्यांनी नळावर जावं, एवढं त्यांचं साधं म्हणणं आहे. मी फार विचार करून शेवटी जिथे पोचले, तिथे मामा आधीच खोक्यावर बसलेले होते. फरक एवढाच की मी विकत नव्हते आणि ते विकत होते.

त्यांचं खरं वेड मात्र वेगळंच. ते म्हणजे बाटलीच्या झाकणाचा आवाज.

नवी बाटली उघडताना 'कट्' असा आवाज होतो. आपल्या लक्षातही येत नाही. मामांच्या येतो. गाणं चालू असताना कुणी बाटली घेतली तर मामा ती त्याच्या हातात तशी देत नाहीत. स्वतःच टॉवेलात गुंडाळतात, पोटाशी धरतात, डोळे मिटतात आणि झाकण फिरवतात. कुणी म्हटलं की सील आमच्यासमोर तोडा, तर ते म्हणतात, "तुमच्या म्होरंच तोडतोय की. फकस्त टावेलाखाली." पोटाशी बाटली धरून डोळे मिटलेला हा म्हातारा बघून एका बाईंनी मला घाईने बोलावून सांगितलं होतं की त्या काकांना काहीतरी होतंय.

या वेडापायीच मागच्या वर्षी घोटाळा झाला.

महोत्सव दोन दिवसांचा होता. पहिल्या संध्याकाळी सुरुवातीला बावड्याच्या एक शिक्षिका गाणार होत्या. त्यांचं नाव सुनंदाबाई. एवढ्या मोठ्या मंचावर त्यांची पहिलीच वेळ. त्यांनी डोळे मिटून बारीक आवाजात सुरुवात केली आणि मागून, गाण्याआधीच घेऊन ठेवलेल्या एका बाटलीचं 'कट्' झालं. मग डावीकडून. मग कुणीतरी रिकामी बाटली चुरगाळली. सुनंदाबाई थांबल्या, कसनुसं हसल्या, पदर सारखा केला आणि पुन्हा सुरू झाल्या. पुन्हा 'कट्'. त्या दिवशी त्यांचं गाणं काही जमलंच नाही. लवकर आटोपून त्या उठल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण त्या टाळ्या संपल्याच्या होत्या, आवडल्याच्या नव्हत्या. एवढं मलाही कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाणाऱ्या एका कलाकाराची गाडी वाटेत बंद पडली आणि त्या जागी सुनंदाबाईंना पुन्हा गायला सांगितलंय, हे आम्हा स्वयंसेवकांना आदल्या रात्रीच कळलं. मी ते मामांना सहज सांगितलं. सकाळी मी फाटकावर होते. मामा माझ्याही आधी आले होते. नंतर पाहते तर एकेक माणूस मामांकडे जातोय, बाटली हातात घेतोय, झाकण फिरवतोय आणि परत ठेवतोय. एक, दोघं, मग सगळेच. मामांनी लोक यायच्या आधी बसून सगळ्याच्या सगळ्या बाटल्यांची झाकणं एकदा सैल करून पुन्हा लावून ठेवली होती. गाणं चालू असताना आवाज होऊ नये म्हणून.

सील तुटलेली बाटली कोण घेणार? हे लहान पोरालाही कळतं. पन्नास वर्षं धंदा केलेल्या माणसाला त्या सकाळी कळलं नाही. आवारात पाणी विकणारे मामा एकटेच, आणि त्यांची एकही बाटली गेली नाही. आमच्या समितीतले कापडाचे व्यापारी खटावकरशेठ तिथेच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की याने कॅनॉलचं पाणी भरून आणलंय. मामांनी मान खाली घातली. सत्र संपल्यावर ते एकेक बाटली उघडून लॉनच्या कडेच्या झाडांना घालत होते. मी जवळ गेले तर म्हणाले, झाडं सील बघत नाहीत.

या वर्षी महोत्सवाच्या तयारीची पहिली बैठक झाली तेव्हा खटावकरशेठनी तोच विषय काढला. सील तोडून पाणी विकणारा माणूस पुन्हा आवारात नको. समितीचे अध्यक्ष देशमानेसर म्हणजे आमच्या कॉलेजातले निवृत्त प्राध्यापक. ते कुणाला एकदम नाही म्हणत नाहीत. त्यांनी मला सांगितलं की त्या गृहस्थांशी बोला, त्यांचं काय म्हणणं आहे ते पुढच्या बैठकीत मांडा, मग ठरवू.

मला रात्रभर वाईट वाटलं. कारण दिवाळीपासून मामा मला रोज विचारत होते, तारीख ठरली का? मी सकाळी बारामतीच्या एसटीसाठी स्टँडवर जायचे तेव्हा टपरीतून मान बाहेर काढून विचारायचे. धंद्याचं म्हणाल तर महोत्सवात त्यांना काही सुटत नाही. जे सुटेल ते तेच नळाकडे पाठवतात. तरी त्यांना तिथे यायचं असतं. ते येऊ शकतील की नाही, हे आता माझ्या बोलण्यावर होतं, आणि बोलणं हीच माझी अडचण आहे.

दुसऱ्या दिवशी एसटी सोडून मी टपरीवर थांबले. मामा पानं लावत होते. मी समितीचं सगळं सांगितलं, कॅनॉलचं पाणी सोडून. ते मामांनीच म्हटलं. मग म्हणाले, झाली असेल चूक, आणि मला गुलकंद घातलेलं पान दिलं. तोंडात पान असलं की माणसाला पुढचं विचारता येत नाही, हे त्यांना बरोबर माहीत आहे. मी पान संपेपर्यंत तिथेच उभी राहिले. मग विचारलं, असं का केलंत.

ते फडक्यावर पाणी शिंपडत राहिले. शेवटी म्हणाले, "पोरी, त्या बाई घाबरल्या व्हत्या गं. तू बघितलं न्हायस का? घाबरलेल्या मानसाच्या म्होरं कट् कट् करत्यात व्हय?"

मी म्हणाले, हेच मी बैठकीत सांगते.

"नगं. पानी इकणाऱ्यानं म्हनायचं, मला गानं ऐकायचं व्हतं? हसतील लोकं." मग थोड्या वेळाने म्हणाले, "न्हाय म्हनले तर न्हाय. पन मला लवकर सांग. वाट बघाय लावू नगं. मग त्या दिवशी टपरी तरी उघडी ठेवीन."

शेवटचं वाक्य ते अगदी हिशोबी दुकानदारासारखं बोलले. पण फडक्याखालची पानं त्यांनी तीच तीच उलटी केली.

पुढची बैठक कॉलेजच्या ग्रंथालयात होती. माझी बोलायची पाळी आली. मामांनी नको म्हटलं होतं, पण दुसरं सांगण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं. मी उभी राहून एका दमात सांगून टाकलं की मामांनी झाकणं सैल केली ती सुनंदाबाईंच्या गाण्यात आवाज होऊ नये म्हणून, पाण्यात काही केलं नव्हतं. आणि खाली बसले.

खटावकरशेठना ते समजेना. "म्हणजे बाटली उघडल्याचा आवाज होऊ नये म्हणून?" त्यांनी मला विचारलं. मग शेजारच्यांना विचारलं. मग स्वतःशीच म्हणाले.

टेबलावर प्रत्येकासमोर पाण्याची छोटी बाटली ठेवलेली होती. देशमानेसर म्हणाले, "शेठ, उघडा बरं ती."

शेठनी झाकण फिरवलं. ग्रंथालयाच्या त्या शांत खोलीत असं 'कट्' झालं की टेबलाच्या पलीकडे टिपणं घेत बसलेला लेखनिक दचकला. सगळे त्या बाटलीकडे बघू लागले. शेठनी पाणी न पिता झाकण परत लावलं, पण आता ते हळूच लावलं.

 देशमानेसर म्हणाले की मागच्या वर्षीच्या दोन्ही दिवसांतली ती एकच सकाळ त्यांना आठवते. सुनंदाबाई फार सुरेख गायल्या होत्या. सगळा मंडप असा शांत होता की तंबोऱ्याची प्रत्येक तार वेगळी ऐकू येत होती. लोक आज इतके शहाणे कसे झाले याचं त्यांना नवल वाटलं होतं. लोक शहाणे वगैरे झाले नव्हते. कुणाकडे बाटलीच नव्हती. मामांची युक्ती साफ फसली होती आणि म्हणूनच ती लागू पडली होती.

आधी सर हसले. मग शेठही हसले. शेठ वाईट माणूस नाहीत. त्यांनीच मग सुचवलं की या वर्षी मंडपात बाटल्याच नकोत. पाण्याचे जार आणि स्टीलचे पेले ठेवू, ज्याला हवं त्याने मध्यंतरात प्यावं. तान्ह्या मुलांसाठी आणि औषध घेणाऱ्यांसाठी थोड्या बाटल्या वेगळ्या ठेवू. आणि हे सगळं त्या तांबोळींकडे द्या.

इंदापूरला एसटीतून उतरून मी धावतच टपरीवर गेले. मला वाटलं होतं मामा खूश होतील. त्यांनी सगळं ऐकलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"इकायचं काय न्हाय?"

"काही नाही. सगळ्यांना फुकट."

"मग मी यायचं कोन म्हनून?"

मी म्हणाले, "श्रोते म्हणून या." त्यावर ते असं हसले की जणू मी त्यांना मंचावर बसून गायला सांगितलं होतं. विक्रेता म्हणून जन्मभर कार्यक्रमाला जाणं वेगळं आणि रिकाम्या हातांनी जाणं वेगळं. खोका नसला तर माणसाने कुठे उभं राहायचं, कुणाकडे बघायचं, हात कुठे ठेवायचे, हे त्यांना कळेना. मला ते चांगलं समजलं. कॉलेजच्या पहिल्या दिवशी माझंही तसंच झालं होतं. मग मी त्यांना सांगितलं की छातीवर लावायला बिल्ला मिळेल, 'पाणी व्यवस्था' असा. तो माझ्या बिल्ल्यासारखाच असेल. बिल्ल्याचं त्यांना पटलं. बिल्ला असला की काम असतं.

या वर्षीच्या महोत्सवात मामा इंदापूरच्या पहिल्या गाडीने आले. सोबत धुतलेली गोणपाटं आणि दोऱ्याचं रीळ होतं. त्यांनी टेबलांवर ओली गोणपाटं पसरली, कारण स्टीलचा पेला लाकडावर ठेवला तरी आवाज करतो. मग प्रत्येक जारच्या तोटीला दोऱ्याचा एक तुकडा बांधून त्याचं टोक खालच्या बादलीत सोडलं. तोटी ठिबकली तर थेंब टप् असा पडत नाही, दोऱ्यावरून उतरतो. खटावकरशेठ तिथे येऊन कंबरेवर हात ठेवून बघत राहिले. नंतर त्यांनी पाणी मागितलं. मामांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "तहान लागलीय का, शेठ?" शेठ म्हणाले, "हो, लागलीय." मामांनी पेला भरून दिला. मला वाटतं, मामांच्या प्रश्नाचं सरळ उत्तर देणारे ते पहिलेच गिऱ्हाईक.

सुनंदाबाई याही वर्षी गायल्या. पहिल्या सत्रात मामा जागचे हलले नाहीत. मी त्यांच्यासाठी खुर्ची आणली होती, पण ते टेबलाला टेकून उभेच होते. मध्यंतरात लोकांची झुंबड उडाली. पेले भरा, विसळा, पुन्हा भरा, एका आजीला गोळीसाठी बाटली द्या. त्या गडबडीत मामा मजेत होते. गर्दी ओसरल्यावर ते बाकावर टेकले आणि आम्ही दोघं पाणी प्यायलो.

मी त्यांना म्हणाले, "मामा, तुम्हाला गाणं खरंच आवडतं. उगीच कळत नाही म्हणता."

ते जरा विचारात पडले. मला बरं वाटावं म्हणून हो म्हणावं की नाही, असं काहीतरी चाललं असावं.

"गानं बरंच असतंय," ते म्हणाले. "पन मी त्येच्यासाठी येत न्हाय, पोरी. घरी बी लई शांत असतंय बघ. भांडं सुदीक वाजत न्हाय. मी एकलाच गप, दुसरं कोन गप बसाय न्हाय. हितं एवढी मानसं. समदी एकाच टायमाला गप व्हत्यात आन् मी बी त्यात असतो."

 त्यांनी पेला गोणपाटावर पालथा घातला.

मंचावर तंबोरे जुळवायला लागले. लोक अजून जागा शोधत होते, कुणी मुलांना हाका मारत होतं, मागच्या रांगेत कसली तरी चर्चा रंगली होती. मामा बाकावर थोडे सरकले आणि मला बसायला जागा केली. मी बसले. पुढच्या रांगा आधी थांबल्या. मग मधल्या. शेवटी मागची चर्चाही एका अर्ध्या वाक्यावर तुटली. गाणं अजून सुरू झालं नव्हतं, पण मामांनी डोळे मिटले होते आणि ते ऐकत होते.